मोहरी लावली, सूर्यफूल लावलं, तरी दर दिवाळीत मातीतलं शिसं तेवढंच: चूक कुठे शोधायची?

तक्रार साधारण अशी असते. आगराच्या एका कोपऱ्यात शिसं निघालं. कोणीतरी सांगितलं की मोहरी किंवा सूर्यफूल लावलं की ते मुळावाटे शिसं ओढून घेतं. लावलं. मे महिन्यात माती तपासली तर आकडा जरा उतरलेला, घरात आनंद. दिवाळीत पुन्हा तपासली तर आकडा होता तिथेच, कधी त्याच्याही वर. पुन्हा मोहरी, पुन्हा मे, पुन्हा दिवाळी. दाभोळ खाडीच्या काठी आमच्या आगरात हा खेळ मी तीन वर्षं केला आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बहुतेक माझ्या स्वतःच्याच आहेत.

आगराच्या वरच्या अंगाला होड्या ओढून ठेवायची जागा आहे. पूर्वी तिथेच तीन दगडांच्या चुलीवर जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून जाळ्यांना लावायच्या गोळ्या ओतत. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे लाकडाच्या जाळावर जुन्या कढईत आरामात. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आम्ही पोरं तर त्या गोळ्यांनी गोट्या खेळलो.

आकडा दरवर्षी परत येत असेल तर झाडाला शिव्या देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. आपण मोजतोय ते दर वेळी एकच आहे का? शिसं बाहेरून नव्याने येतंय का? आणि ज्या झाडाकडून जे मागतोय ते त्याला जमण्यासारखं आहे का? हा क्रम खर्चाचा आहे. पहिली तपासणी जवळपास फुकट होते, आणि निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

आधी रिपोर्ट हातात घ्या

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. ‘पत्रिकेत सगळं ठीक आहे’ असं म्हणून कोणी निर्धास्त असेल तर त्याने ती पत्रिका पुन्हा वाचावी. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावी लागते.

आता मुख्य गोची. प्रयोगशाळा शिसं दोन तऱ्हांनी मोजते. एका पद्धतीत माती तीव्र आम्लात उकळून तिच्यातलं जवळजवळ सगळं शिसं बाहेर काढतात. हा एकूण आकडा. दुसऱ्या पद्धतीत डीटीपीए नावाच्या सौम्य द्रावणात माती हलवतात आणि झाडाला घेता येईल असा सैल भाग तेवढा मोजतात. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे पीपीएममध्येच छापले जातात. कागद दिसायला सारखाच, पण दुसरा आकडा पहिल्याच्या मानाने फारच लहान असतो. आमचा पहिला ‘गुण’ असाच आला होता. पहिल्या वर्षी एकूण शिसं मोजलं होतं, दुसऱ्या वर्षी दुसरीकडे नमुना दिला आणि त्यांनी डीटीपीए केलं. मी गावभर सांगत सुटलो की मोहरीने कमाल केली. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती न वाचता दोन वर्षांची तुलना करू नका. पद्धत छापलेली नसेल तर फोन करून विचारा.

दुसरा घोळ नमुन्याचा. आपण एके वर्षी माडाच्या आळ्याजवळची माती घेतो, पुढच्या वर्षी कुंपणाजवळची. एकदा चार बोटं खोल, एकदा वीतभर. शिसं मातीत खाली फार जात नाही, वरच्या थरातच धरून राहतं. त्यामुळे नमुना जरा खोल घेतला की खालची स्वच्छ माती मिसळून आकडा आपोआप उतरतो. जागा ठरवून खुंट्या मारा, दर वेळी वरचे १५ सेंटिमीटर घ्या, एका तुकड्यातून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून त्यातला अर्धा किलो पाठवा. तोही दरवर्षी एकाच महिन्यात. नमुना जस्ताच्या घमेल्यात कालवू नका, नाहीतर जस्ताचा आकडा घमेल्याचा येईल. प्लास्टिकची बादली बरी.

आणि गोळ्यांची गंमत. जाळ्याची गोळी फुटून निघालेला ०.१ ग्रॅमचा कण, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, एक किलो मातीत आला तर तेवढ्या एका कणाने आकडा १०० पीपीएमने वाढतो. एका वर्षी कण पिशवीत आला, एका वर्षी नाही आला, एवढ्यावर आपण झाडाचं यश-अपयश ठरवत बसतो. असं ठोकळ शिसं कुठलंच मूळ पिऊ शकत नाही. त्यासाठी चाळण लागते. आम्ही चुलीच्या जुन्या जागेची माती उन्हात जरा सुकवून बारीक चाळणीतून काढली. धूळ उडू नये म्हणून किंचित ओलसर ठेवली, तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावला. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड, त्यामुळे लहान तुकडाही हाताला कळतो. दोन दिवसांत ताकाच्या वाटीएवढे तुकडे निघाले. तीन वर्षांच्या मोहरीने त्याचा शंभरावा हिस्साही काढला नसता, हे पुढच्या हिशेबात दिसेल.

पानांचा रिपोर्ट काढणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसात माती उडून पानाला चिकटते. पानं न धुता तपासली तर शिसं भरपूर दिसतं आणि वाटतं झाड जोरात काम करतंय. ती पानावरची माती असते. आधी नळाखाली, मग शुद्ध पाण्याने धुऊन, वाळवून पाठवा.

मग जूनचं पहिलं पाणी बघा

मोजमाप सुधारल्यावर आमचा आकडा स्थिर दिसायला हवा होता. दिसला नाही. मेच्या मानाने दिवाळीत तो चढलेलाच, तोही फक्त वरच्या कुंपणाच्या बाजूला. इथे मला उशिरा का होईना, अक्कल आली.

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याच्या आधी-नंतरच्या दिवसांत होड्या वर ओढतात, तळ खरवडतात, फळ्यांच्या सांधी भरतात, रंग देतात. जुन्या लाकडी होड्यांवर थरावर थर असतात आणि सर्वांत आतल्या थरात बऱ्याचदा शेंदूर निघतो. शेंदूर म्हणजे आपण मारुतीला लावतो तोच, शिशाचा लाल ऑक्साइड, ज्याच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग नुसतं शिसं. लाकूड आणि लोखंड टिकावं म्हणून तो जगभर होड्या-जहाजांना लावत आले आहेत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण तो घराच्या भिंतींपुरता. वर्षानुवर्षं होडीवर चढलेला रंग त्यात कुठला यायला? तो खरवडला की पापुद्रे जमिनीवर पडतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीत थेट आमच्या आगरात उतरतात.

मी वरच्या तात्यांकडे गेलो. म्हटलं, “तात्या, खरवडताना खाली ताडपत्री घालाल का? ते सगळं पावसात आमच्याकडे येतंय.”

तात्या म्हणाले, “अरे, माझ्या बापाने इथेच खरवडलं, मी इथेच खरवडतोय. आणि तुझी ती मोहरी काय करते मग?”

प्रश्न बरोबर होता. ताडपत्री मी विकत आणून दिली, तेव्हा घातली. पापुद्रे गोणीत भरून बाजूला ठेवायचं त्यांनी लगेच मान्य केलं, कारण नातवंडं तिथेच खेळतात हे त्यांना सांगावं लागलं नाही.

बाहेरून येतंय का हे ओळखायचा सोपा उपाय असा. जमिनीचे उताराप्रमाणे तीन पट्टे करा: वरचा, मधला, खालचा. तिन्हींचे नमुने वेगळे पाठवा. वरून खाली आकडा उतरत गेला तर वरून काहीतरी येतंय. खात्री करायची तर वरच्या कडेला हातभर खोल चर मारा आणि पहिल्या दोन-तीन सरींनंतर त्यात बसलेला गाळ तपासायला द्या. गाळातला आकडा शेतातल्या मातीपेक्षा जास्त असेल तर वाद संपला. चर तसाच ठेवा, पाणी बाजूने वळवा, दरवर्षी गाळ काढा. झाडं नंतर.

होड्यांचं उदाहरण माझं. तुमच्याकडे गंजलेल्या पत्र्याची पागोळी असेल, भंगाराचा अड्डा असेल, गॅरेजची मोरी असेल. चांगलं खत म्हणून उपसून घातलेली नाल्यातली जलपर्णीही असू शकते. जलपर्णी पाण्यातले धातू मुळांत साठवते. घाण नाल्यातून काढून माडाच्या आळ्यात टाकली की नाल्याचा धातू आगरात. खार जमिनीत दरवर्षी बांधाला खाडीचा चिखल लिंपणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. काळ्या चिखलात धातू गंधकाशी बांधलेले असतात. तो चिखल बांधावर चढून वाळला, हवा लागली, की गंधकाचं आम्ल होतं आणि धातू सुटे होतात.

राब

राबाची गोष्ट वेगळी काढतो, कारण ती फक्त आपल्याकडची आहे. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, कवळं, शेण पसरून भाजायची आपली पद्धत. तिसऱ्या वर्षी मी सूर्यफुलाची वाळलेली धाटं कुंपणाला रचून ठेवली होती. एप्रिलमध्ये काकूने ती राबाला घातली. दिसायला सरपणच होतं, तिचं काय चुकलं? पण धातू जळत नाही. शिशाचा थोडा भाग धुरात जातो, बाकी राखेत, तेही कितीतरी घट्ट होऊन. झाडाने वर्षभर जे गोळा केलं ते भाजून पुन्हा त्याच मातीत. त्याच राबात होडीची जुनी रंगवलेली फळीही गेली असेल तर मग विचारूच नका. ते सूर्यफुलाच्या कित्येक पटींनी जास्त शिसं असतं. रंग लागलेलं लाकूड राबात, चुलीत, बंबात, कशातच नको.

आता हिशेब, जो कोणी सांगत नाही

एका गुंठ्याच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये साधारण २० टन माती असते. समजा शिसं ४०० पीपीएम आहे. म्हणजे त्या गुंठ्यात ८ किलो शिसं. ते १०० पीपीएमवर आणायचं तर ६ किलो काढायला हवं.

मोहरीचं एक पीक गुंठ्याला चांगलं वाढलं तर वाळवून ५० किलो धाटं-पानं धरू. शिसं मुळाशीच अडकतं, वर फार चढत नाही. तरी उदार मनाने ५० पीपीएम वर चढलं असं मानू. ५० किलो गुणिले ५० मिलिग्रॅम, म्हणजे एका पिकाला अडीच ग्रॅम. ६ किलोसाठी २,४०० पिकं. वर्षाला दोन पिकं काढली तरी शिवाजी महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरुवात करायला हवी होती.

हा हिशेब मी पहिल्याच वर्षी केला असता तर तीन वर्षं वाचली असती. मग मोहरीचं नाव एवढं कशामुळे झालं? १९९० च्या दशकात अमेरिकेत मोहरीवर प्रयोग झाले. त्यांत मातीत ईडीटीए नावाचं रसायन ओतलं. ते शिशाला धरून पाण्यात विरघळवतं, मग झाड ते भरभरून पितं. आकडे डोळे दिपवणारे आले. पण झाडाने घेतलं नाही तेवढं विरघळलेलं शिसं पाण्याबरोबर खाली जातं, आणि ईडीटीए मातीत लवकर मोडत नाही. वर्षाला तीन मीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या पट्ट्यात, जिथे जांभ्याच्या भेगांतून पाणी दोन तासांत विहिरीत उतरतं, तिथे हे करणं म्हणजे मातीतलं शिसं स्वतःच्या घागरीत ओतणं. इंटरनेटवरून ईडीटीए मागवणारे दोघे मला माहीत आहेत. दोघांनाही मी हात जोडले.

सूर्यफुलाची प्रसिद्धीही अशीच. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली होती. त्यांच्या मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढलं. पाण्यातलं, मातीतलं नव्हे. आणि शिसं तर त्यात नव्हतंच.

धातू ओढणारी झाडं खोटी नाहीत. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याचा चीक निळसर हिरवा, आणि वाळलेल्या चिकाचा सुमारे चौथा भाग निकेल. १९७६ मध्ये त्याच्यावर लिहिताना शास्त्रज्ञांनी अशा झाडांना ‘अतिसंचयी’ या अर्थाचं नाव दिलं. २००१ मध्ये फ्लोरिडात एक नेचं (फर्न) आर्सेनिक साठवतं असं आढळलं, लाकडाला लावायच्या आर्सेनिकच्या औषधाने खराब झालेल्या जागेवर. ते टेरिस विटाटा नेचं आपल्याकडेही जुन्या चुनेगच्चीच्या भिंतींवर, विहिरीच्या चिऱ्यांच्या सांध्यांत उगवतं. त्याला चुन्याची माती आवडते. पण ते आर्सेनिकचं झाड आहे. शिशासाठी नेचं लावणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलणं.

कॅडमियमचं गणित शिशाहून सुसह्य आहे. मातीत ३ पीपीएम म्हणजे गुंठ्यात ६० ग्रॅम. कॅडमियम झाडात वर सहज चढतं. पानांत २० पीपीएम चढवणारं आणि वर्षाला गुंठ्यात १०० किलो वाळलेला पाला देणारं झाड मिळालं तर वर्षाला २ ग्रॅम निघतात. १ पीपीएमवर आणायला वीस वर्षं. कंटाळवाणं आहे, पण माणसाच्या आयुष्यात बसतं. त्यामुळे ‘झाडं लावून माती स्वच्छ होते का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही; कोणता धातू, ते आधी सांगा.

कॅडमियमवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण खार जमिनीत त्या उलट्या पडतात. खाऱ्या मातीतलं क्लोराइड कॅडमियमला धरून सैल करतं, त्यामुळे तेवढ्याच कॅडमियमला खारपड्यातलं पीक जास्त घेतं. आणि भाताच्या खाचरात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, पाणी लवकर सोडलं की सुटतं आणि दाण्यात जातं. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावरच्या भाताने हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई आजार झाला, तो कॅडमियमचाच. जपान सरकारने १९६८ मध्ये ते मान्य केलं. आर्सेनिकचं नेमकं उलटं, ते उभ्या पाण्यात सुटतं. म्हणून धातू माहीत नसताना पाण्याचा सल्ला कोणाकडून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही.

एकीकडे ओढायचं, दुसरीकडे बांधायचं

अजून एक चूक बघण्यात येते आणि ती चांगल्या शेतकऱ्यांकडून होते. कोकणची माती आम्लधर्मी, म्हणून ते सवयीने चुना घालतात. चुन्याने सामू चढतो, शिसं-कॅडमियम मातीला घट्ट चिकटतं. आणि त्याच मातीत ते धातू ओढायला मोहरी लावतात. एका हाताने दोर ओढायचा, दुसऱ्या हाताने खुंटीला बांधायचा. दोन्हींपैकी एक ठरवा. शिशासाठी मी बांधायचं ठरवलं आहे.

क्रोमियम-निकेलचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरण्याआधी एक बघा. आपली जमीन बेसाल्टपासून झालेली आहे, तिच्यात हे दोन धातू जन्मजातच जरा जास्त असतात. कणकवलीजवळ तर क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचे, साठेच आहेत. शेजारच्या न बिघडलेल्या डोंगरउतारावरची माती त्याच प्रयोगशाळेत देऊन आधी गावचा मूळ आकडा काढा, मग आपला त्याच्याशी लावून बघा.

आमच्याकडे काय टिकलं

गोळ्या चाळून काढल्या. वरून येणारं अडवलं. मग उरलेलं शिसं जागेवर गप्प बसवायला स्फुरद. शिसं आणि स्फुरद मिळून न विरघळणारा दगडासारखा क्षार होतो, आणि तो पोटात गेला तरी शिसं सहज सुटत नाही. कॅलिफोर्नियात ओकलंड शहरातल्या एका वस्तीत अंगणांच्या मातीत माशांच्या हाडांचा चुरा याच कारणासाठी मिसळला होता. वाचलं तेव्हा हसू आलं. मासळीचं खत माडाला घालायला आपल्याला कोणी शिकवायला हवं का? फरक एवढाच की इथे कामाचं हाड आहे, मांस नाही. सुक्या मासळीत मीठ येतं, कुत्री उकरतात. त्यामुळे मी दुकानातला हाडांचा चुराच वापरला, नेहमीच्या खताच्या मात्रेपेक्षा बराच जास्त, कारण जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद गिळून बसतात. आपल्या मातीचं आम्ल इथे उपयोगी पडतं, हाड त्यात विरघळतं. म्हणून आधी हाड, पुढच्या हंगामात चुना. रॉक फॉस्फेट स्वस्त पडतं, पण त्यात काही वेळा कॅडमियम असतं, विचारून घ्या. आणि जमिनीत आर्सेनिक असेल तर स्फुरद घालूच नका, तो आर्सेनिकला हुसकावून पाण्यात सोडतो.

वर झाडं आहेतच, फक्त वेगळ्या कामाला. उताराला आडव्या ओळींत वाळा लावला, जूनमध्ये फुटवे, वीतभर अंतरावर. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, मऊ जमिनीत तीन मीटरपर्यंत. आमच्याकडे कातळ लागला तिथे थांबली. धातू तो मुळांतच ठेवतो, पानांत फार जाऊ देत नाही, आणि ओळीमागे गाळ अडतो. मधल्या जागेत गवत, उघडी माती कुठेच नाही. शिसं माणसाच्या पोटात जातं ते मुख्यतः हाताला लागलेल्या मातीतून आणि घरात आलेल्या धुळीतून, आणि त्यात सगळ्यात आधी रांगणारी मुलं. जमीन झाकली की त्या रस्त्याचा मोठा भाग बंद होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने राहत्या घराभोवतीच्या मातीत शिशासाठी ४०० पीपीएमचा उंबरठा वर्षानुवर्षं धरला होता, २०२४ मध्ये तो २०० वर आणला. मूल खेळत असेल तर मी लहान आकडा धरतो.

वाळ्याचा एक धोका आपल्याकडेच आहे. ही मुळं उकरून माठात घालायची नाहीत, पडदे विणायला द्यायची नाहीत, सरबताला तर नाहीच. धातू आहे तो मुळांतच. विकत घ्यायला माणूस दारात येतो आणि भावही बरा देतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

भाजीचं म्हणाल तर पालेभाजी, अळू, मुळा, रताळं या तुकड्यात नको. साधारण नियम असा की शिसं मुळात सर्वांत जास्त, पानात त्याहून कमी, फळात आणि बीमध्ये सर्वांत कमी. माड, पोफळी आहेत त्या राहू दिल्या. काकूला अळू हवंच असतं, म्हणून चिरे रचून हातभर उंचीचा वाफा केला, खाली जाड कापड, वर डोंगरावरची तपासलेली माती. फतफतं आता तिथल्या अळूचं होतं.

मोहरी-सूर्यफुलाची जुनी धाटं अजून दोन गोण्यांत बांधून पडवीत आहेत. शिसं त्यात मातीहून कमीच असणार, पण जाळायची नाहीत आणि खतात टाकायची नाहीत एवढं ठरलंय. रंगाच्या पापुद्र्यांची गोणी मात्र खरोखर घातक कचरा आहे. असा कचरा घेणारी सामायिक सुविधा तळोज्याला आहे, पण एका घराची एक गोणी तिथवर पोचवणार कोण? म्हणून बंदरावरच्या सगळ्या होडीवाल्यांचं मिळून एक पिंप भरवायचं आणि ग्रामपंचायतीमार्फत पाठवायचं असं तात्यांनीच सुचवलंय. पिंप आणलं आहे, झाकणासकट. या मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिली होडी वर ओढतील, तेव्हा ताडपत्री कमी पडते की पुरते ते कळेल.